कायद्याची पदवी ते लष्करी गणवेश : ‘जॅग’ शाखेतील प्रवेश आणि जबाबदारी

नवी दिल्ली : कायद्याची पदवी घेतल्यानंतर न्यायालयात वकिली, न्यायिक सेवा, कंपन्यांचे विधी विभाग किंवा अध्यापन हे मार्ग सर्वपरिचित आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक मार्ग आहे, परंतु त्याची माहिती विधी महाविद्यालयांच्या वर्गांपर्यंत क्वचितच पोहोचते. हा मार्ग भारतीय लष्कराच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेचा, म्हणजेच ‘जॅग’चा. या शाखेतील अधिकारी लष्करी कायद्याबाबत सेनाधिकाऱ्यांना सल्ला देतात, कोर्ट मार्शलच्या कामकाजात कायद्याची बाजू सांभाळतात आणि लष्कराविरुद्धच्या खटल्यांत सरकारी वकिलांना साहाय्य करतात. मेजर जनरल दर्जाचा अधिकारी या शाखेचा प्रमुख असतो आणि त्याचे कार्यालय दिल्लीत, लष्कराच्या मुख्यालयात आहे.

वर्षातून दोनदा होणाऱ्या या भरतीत जागा अत्यंत मर्यादित असतात. या योजनेच्या ३१ व्या अभ्यासक्रमासाठी देशभरातून केवळ ९ जागा होत्या. त्यामुळे पात्रतेची एखादी अट नजरेतून सुटली, तरी उमेदवाराचे पूर्ण वर्ष वाया जाऊ शकते. निवड झाल्यानंतरचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. लष्करी वकील हा स्वतः लष्करी अधिकारी असतो. ज्या अधिकारसाखळीत तो काम करतो, त्याच साखळीतील वरिष्ठांना ‘हे कायद्यात बसत नाही’ असे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याच्या सल्ल्यावर एखाद्या जवानाचे स्वातंत्र्य, नोकरी आणि निवृत्तिवेतन अवलंबून असू शकते.

पात्रतेच्या अटी

‘जॅग’ शाखेत थेट प्रवेश शॉर्ट सर्व्हिस कमिशनद्वारे मिळतो. अविवाहित पुरुष आणि अविवाहित महिला यासाठी अर्ज करू शकतात. वयोमर्यादा २१ ते २७ वर्षे आहे. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी त्या वर्षीच्या १ जानेवारीचे, तर ऑक्टोबरच्या अभ्यासक्रमासाठी १ जुलैचे वय धरले जाते.

शैक्षणिक अर्हता म्हणजे एलएलबी पदवीत किमान ५५ टक्के एकूण गुण. पदवीनंतरचा तीन वर्षांचा आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा असे दोन्ही अभ्यासक्रम ग्राह्य धरले जातात. विधी महाविद्यालय बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेले हवे आणि उमेदवार वकील म्हणून नोंदणीस पात्र हवा. प्रत्यक्ष वकिलीच्या अनुभवाची अट मात्र नाही.

नव्या पदवीधरांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू झाली. पदवी मिळताच न्यायिक सेवेची परीक्षा देण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आहे. ‘जॅग’ची दारे नव्या पदवीधरांना उघडी आहेत, मात्र २७ वर्षांनंतर ती बंद होतात. तीन वर्षांचा अभ्यासक्रम करणारा विद्यार्थी साधारण २४ व्या वर्षी पदवीधर होतो, हे लक्षात घेता त्याच्या हाती मोजक्याच संधी उरतात.

क्लॅट पीजीचे बंधन

या भरतीसाठी अर्ज करताना क्लॅट पीजी या परीक्षेचे गुण अनिवार्य आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघातर्फे घेतली जाणारी ही परीक्षा मुळात एलएलएम प्रवेशासाठी आहे. तिच्यात १२० गुणांचे १२० प्रश्न असतात, वेळ दोन तासांचा असतो आणि चुकीच्या उत्तरासाठी पाव गुण कापला जातो. एलएलएम पूर्ण केलेले किंवा करीत असलेले उमेदवारही या अटीतून सुटत नाहीत.

दिल्ली आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांची अडचण बहुधा येथेच होते. द्वारका येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपल्या प्रवेशासाठी ‘आयलेट’ ही स्वतंत्र परीक्षा घेते. महाराष्ट्रातील बहुसंख्य विधी महाविद्यालयांत राज्याच्या सीईटीद्वारे प्रवेश मिळतो. एलएलएमचा विचार नसलेला किंवा अन्य परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी क्लॅट पीजीकडे फिरकत नाही. लष्कराची अधिसूचना निघते तेव्हा त्या वर्षीची परीक्षा होऊन गेलेली असते. अलीकडच्या वर्षांत ही परीक्षा डिसेंबरमध्ये होत आहे आणि तिचे अर्ज त्याआधी काही महिने भरले जातात. लष्करात जाण्याचा विचार असलेल्या विद्यार्थ्याने त्यामुळे अंतिम वर्षाच्या प्रारंभीच हे वेळापत्रक तपासणे आवश्यक ठरते. कोणत्या वर्षीचे गुण ग्राह्य धरले जातील, हेही अधिसूचनेत नमूद असते.

पाच दिवसांची निवड प्रक्रिया

अर्ज लष्कराच्या भरती संकेतस्थळावर ऑनलाइन भरले जातात. छाननीनंतर निवडक उमेदवारांना सेना निवड मंडळापुढे, म्हणजेच ‘एसएसबी’पुढे बोलावले जाते. त्यासाठी प्रयागराज, भोपाळ, बंगळूर आणि जालंधर येथे केंद्रे आहेत.

ही प्रक्रिया पाच दिवस चालते. पहिल्या टप्प्यात बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून कथा लिहिण्याची व त्यावर गटचर्चा करण्याची चाचणी होते. यात अनुत्तीर्ण झालेले उमेदवार त्याच दिवशी परत जातात. उर्वरित उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि वैयक्तिक मुलाखत होते. शेवटच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते आणि गुणवत्ता यादीतील स्थान व उपलब्ध जागा यांनुसार अंतिम निवड केली जाते.

कायद्याच्या पदवीधरांचा अपेक्षाभंग होतो तो या टप्प्यावर. निवड मंडळ कलमांचे पाठांतर तपासत नाही. उमेदवार अधिकारी होण्यास योग्य आहे का, तो गटात कसा वागतो, अडचणीत निर्णय कसा घेतो, त्याच्या बोलण्यात व कृतीत सुसंगती आहे का, हे पाहिले जाते. पायदळासाठी येणाऱ्या उमेदवाराला जे निकष लागू होतात, तेच येथेही लागू होतात. महाराष्ट्रातील युवकांसाठी राज्याच्या सैनिक कल्याण विभागातर्फे नाशिक रोड येथे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र चालवले जाते. तेथे निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी करून घेतली जाते. प्रवेशाच्या अटी पाहून उमेदवारांना त्याचा विचार करता येईल.

चेन्नई आणि कामठी

निवड झालेल्या उमेदवारांचे प्रशिक्षण चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत होते. त्याचा कालावधी ४९ आठवडे आहे. कवायत, शस्त्रप्रशिक्षण, नकाशावाचन, लांब पल्ल्याची धाव, युद्धसराव यांत वकिलांना कोणतीही सवलत नसते. प्रशिक्षण काळात विवाह करण्यास मनाई असते. स्वेच्छेने प्रशिक्षण सोडणाऱ्याकडून खर्च वसूल केला जातो. यशस्वी उमेदवारांना मद्रास विद्यापीठाची संरक्षण व्यवस्थापन आणि सामरिक अभ्यास विषयातील पदव्युत्तर पदविका मिळते आणि लेफ्टनंट म्हणून कमिशन दिले जाते.

लष्करी कायद्याच्या शिक्षणाचे प्रमुख केंद्र मात्र महाराष्ट्रात आहे. नागपूरजवळच्या कामठी छावणीतील इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ या संस्थेत ‘जॅग’ शाखेच्या अधिकाऱ्यांना, तसेच अन्य शाखांतील अधिकाऱ्यांना लष्करी कायद्याचे धडे दिले जातात. विधी महाविद्यालयांत हा विषय अपवादानेच शिकवला जात असल्याने नव्या अधिकाऱ्याची खरी कायदेशीर जडणघडण कमिशननंतरच सुरू होते.

चार प्रकारची न्यायालये

या अधिकाऱ्यांच्या कामाचा पाया म्हणजे २२ जुलै १९५० रोजी अमलात आलेला लष्कर कायदा, १९५० आणि त्याखालील लष्कर नियम, १९५४. कायद्याच्या कलम १०८ नुसार कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत : जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी.

जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी असतात. प्रत्येकाची कमिशनप्राप्त सेवा किमान तीन वर्षांची आणि किमान चौघांचा हुद्दा कॅप्टन किंवा त्यावरचा असावा लागतो. हे न्यायालय कायद्यात सांगितलेली कोणतीही शिक्षा देऊ शकते. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी असतात आणि त्याला दोन वर्षांपेक्षा अधिक कारावास देता येत नाही. समरी जनरल कोर्ट मार्शलही किमान तीन अधिकाऱ्यांचे असते. समरी कोर्ट मार्शलमध्ये तुकडीचा कमांडिंग अधिकारी एकटाच न्यायालय असतो. अन्य दोघे उपस्थित असतात, पण त्यांना निर्णयाचा अधिकार नसतो. अधिकारी आणि कनिष्ठ कमिशनप्राप्त अधिकारी यांच्यावर हे न्यायालय खटला चालवू शकत नाही. जवानांना मात्र ते एक वर्षापर्यंत कारावास आणि बडतर्फी अशी शिक्षा देऊ शकते. कमांडिंग अधिकारी लेफ्टनंट कर्नलपेक्षा कनिष्ठ असेल, तर कारावासाची मर्यादा तीन महिने आहे.

कलम १२९ अन्वये प्रत्येक जनरल कोर्ट मार्शलमध्ये जज ॲडव्होकेट उपस्थित असणे बंधनकारक आहे. डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरल कोर्ट मार्शलमध्ये तो असू शकतो. समरी कोर्ट मार्शलचा या कलमात उल्लेख नाही.

‘जज’ हा शब्द नावात असला, तरी जज ॲडव्होकेट न्यायाधीश नसतो. त्याला मताधिकार नसतो. आरोप सिद्ध झाला की नाही आणि शिक्षा कोणती, हे न्यायालयाचे सदस्य मतदानाने ठरवतात. मते घेताना सर्वांत कनिष्ठ सदस्याचे मत आधी घेतले जाते, जेणेकरून वरिष्ठांच्या मताचे दडपण त्याच्यावर येऊ नये. देहदंडासाठी जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान दोनतृतीयांश सदस्यांची, तर समरी जनरल कोर्ट मार्शलमध्ये सर्व सदस्यांची सहमती लागते. जज ॲडव्होकेट कोणता पुरावा ग्राह्य धरायचा याबाबत सल्ला देतो आणि अखेरीस पुरावा व कायदा यांचे समालोचन करतो. लष्कर नियमांनुसार त्याने पूर्णतः निःपक्षपाती राहणे अपेक्षित आहे. तो फिर्यादी पक्षाचा वकील नसतो आणि आरोपीचाही नसतो.

निकाल जाहीर झाल्यानंतरही तो लगेच लागू होत नाही. जनरल, डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरल कोर्ट मार्शलच्या निर्णयाला सक्षम सेनाधिकाऱ्याची पुष्टी लागते. त्या वेळी संपूर्ण कामकाजाची कायदेशीर तपासणी होते आणि तेथे पुन्हा ‘जॅग’ अधिकाऱ्याचे मत मागवले जाते.

या व्यवस्थेचे सर्वांत गाजलेले उदाहरण दिल्लीतच घडले. आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावरील खटला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी लाल किल्ल्यात सुरू झाला. तो त्या वेळच्या १९११ च्या कायद्यान्वये चाललेला सात सदस्यांचा जनरल कोर्ट मार्शल होता. मेजर जनरल ब्लॅक्सलँड अध्यक्ष आणि कर्नल केरिन जज ॲडव्होकेट होते. बचावाची धुरा मुंबईचे ख्यातनाम वकील भुलाभाई देसाई यांनी सांभाळली. न्यायालयाने तिघांनाही राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरवून जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा आणि बडतर्फी सुनावली. परंतु पुष्टी देण्याचा अधिकार असलेले सरसेनापती क्लॉड ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली आणि जानेवारी १९४६ मध्ये तिघे मुक्त झाले. न्यायालयाचा निकाल आणि सेनापतीचा अंतिम निर्णय या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे त्या प्रसंगाने साऱ्या देशाने पाहिले. ती रचना आजच्या कायद्यातही कायम आहे.

सल्ला चुकला तर

खटल्यापूर्वीचे काम खटल्याइतकेच महत्त्वाचे असते. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, कमांडिंग अधिकाऱ्यापुढील आरोपाची सुनावणी आणि पुराव्याच्या सारांशाची नोंद या पायऱ्या नियमांनुसार झाल्या आहेत का, हे पाहावे लागते. चौकशीत एखाद्याच्या चारित्र्याचा किंवा लष्करी प्रतिष्ठेचा प्रश्न येत असेल, तर नियम १८० प्रमाणे त्याला चौकशीच्या वेळी हजर राहण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. खटला चालवण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. लष्करी कायद्याच्या कक्षेत नसलेल्या व्यक्तीचा खून, सदोष मनुष्यवध किंवा तिच्यावरील बलात्कार हे गुन्हे प्रत्यक्ष सेवेचा काळ, परदेश किंवा अधिसूचित सीमाचौकी असे अपवाद वगळता कोर्ट मार्शलपुढे चालवता येत नाहीत. ते फौजदारी न्यायालयाकडेच जातात. जुलै २०२४ पासून अमलात आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ कोर्ट मार्शलच्या कामकाजालाही लागू आहे. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे नवे नियमही या अधिकाऱ्यांना आत्मसात करावे लागतात.

या पायऱ्यांकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे १९८७ च्या रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणातून दिसते. या जवानाने आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याविरुद्धचे निवेदन थेट वरिष्ठांकडे पाठवले. त्याबद्दल त्याला २८ दिवसांची सक्तमजुरी मिळाली. ती भोगत असताना त्याने जेवण घेण्याचा आदेश मानला नाही. त्यावरून १९८५ मध्ये समरी कोर्ट मार्शल भरले आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती, तोच अधिकारी न्यायासनावर बसला. शिक्षा झाली एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी.

सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. आपल्या मनात पक्षपात आहे का, असा विचार न्याय देणाऱ्याने करणे पुरेसे नाही. समोरच्या व्यक्तीला तशी वाजवी शंका वाटते का, हे पाहिले पाहिजे, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात नसेल, तर न्यायालये हस्तक्षेप करू शकतात, हेही या निकालाने स्पष्ट केले. लष्करी कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही पायाभूत मानला जातो. कारवाईपूर्वी योग्य कायदेशीर सल्ला मागितला आणि मानला जाणे का आवश्यक आहे, याचा तो धडा आहे.

दिल्लीतील न्यायालयीन आघाडी

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. अनुच्छेद १३६ मधील विशेष परवानगी अपील आणि अनुच्छेद २२७ मधील उच्च न्यायालयांची देखरेख यांतूनही लष्करी न्यायालये वगळलेली आहेत. दीर्घकाळ जवानाला कोर्ट मार्शलविरुद्ध नियमित अपीलच नव्हते. पृथीपालसिंग बेदी प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव ठळकपणे दाखवून दिली. विधी आयोगाने १९९९ च्या १६९ व्या अहवालात अपिलीय न्यायाधिकरणाची शिफारस केली. संसदेने २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा केला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते नवी दिल्लीत न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले.

रामकृष्णपुरम येथे या न्यायाधिकरणाचे प्रमुख पीठ आहे. मुंबईसह अन्य शहरांतही पीठे आहेत. कोर्ट मार्शलविरुद्धची अपिले, तसेच बढती, ज्येष्ठता, निवृत्तिवेतन, अपंगत्व वेतन अशी सेवाविषयक प्रकरणे तेथे चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२३ रोजी दिलेल्या निकालात, न्यायाधिकरणाच्या आदेशांना अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात आव्हान देता येते, हे स्पष्ट केले.

त्यामुळे दिल्लीत नियुक्त ‘जॅग’ अधिकाऱ्याचा बराच वेळ न्यायाधिकरण, दिल्ली उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय येथील प्रकरणांच्या तयारीत जातो. प्रतिज्ञापत्रांचे मसुदे तपासणे, मूळ कागदपत्रे मिळवणे, केंद्र सरकारच्या वकिलांना लष्करी नियम समजावून सांगणे आणि प्रतिकूल निकालाविरुद्ध अपील करावे की तो स्वीकारावा यावर मत देणे, असे त्याचे स्वरूप असते. पुण्याच्या दक्षिण कमांडसह सर्व कमांड मुख्यालयांतही या शाखेचे अधिकारी असतात. १९४९ चे जिनिव्हा करार आणि युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायदा यांबाबत सैन्याला मार्गदर्शन करणे हाही त्यांच्या कामाचा भाग आहे.

महिलांचा दीर्घ लढा

लष्कराने १९९२ मध्ये वैद्यकीय सेवांच्या बाहेर महिलांना अधिकारी म्हणून प्रवेश दिला, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या शाखांमध्ये ‘जॅग’चा समावेश होता. सप्टेंबर २००८ मध्ये या शाखेत आणि लष्करी शिक्षण शाखेत महिलांसाठी स्थायी कमिशनचा मार्ग खुला झाला, पण तो पुढील भरतीपुरता. एका महिला वकिलाने २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेपासून सुरू झालेल्या लढ्यात उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये महिला अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या पीठाने अन्य शाखांतील महिलांनाही स्थायी कमिशनचा हक्क मान्य केला.

भरतीच्या वेळची असमानता तरीही शिल्लक होती. ३१ व्या अभ्यासक्रमाच्या ९ जागांपैकी ६ पुरुषांसाठी आणि ३ महिलांसाठी होत्या. दोन्ही गटांच्या गुणवत्ता याद्या स्वतंत्र असल्याने काही निवड झालेल्या पुरुषांपेक्षा अधिक गुण मिळवूनही महिला उमेदवार बाहेर राहिल्या. अर्शनूर कौर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठाने ही विभागणी समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली. एखाद्या शाखेत महिलांना प्रवेशाची मुभा दिल्यानंतर त्यांच्या संख्येवर मर्यादा घालता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि पुरुष व महिला उमेदवारांची एकत्रित गुणवत्ता यादी प्रसिद्ध करण्याचे निर्देश दिले. लष्कराला कायद्याचा सल्ला देणाऱ्या शाखेच्याच भरतीची कायदेशीर कसोटी या प्रकरणात लागली.

वेतन, कार्यकाळ आणि मर्यादा

प्रशिक्षण काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. लेफ्टनंटची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरानुसार ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. त्यात दरमहा १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि अन्य भत्ते मिळतात. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल अशी कालबद्ध बढती असते. त्यावरील पदे निवडीने मिळतात आणि लहान शाखेत ती मोजकीच असतात.

शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा प्रारंभिक कालावधी १० वर्षांचा असून तो ४ वर्षांनी वाढवता येतो. स्थायी कमिशनसाठी अधिकाऱ्याचा विचार होतो, परंतु त्याची हमी नसते. म्हणजेच पंचविशीत दाखल झालेल्या अधिकाऱ्याला पस्तिशी-चाळिशीत नव्याने व्यवसाय उभारावा लागू शकतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार पूर्णवेळ वेतनदार नोकरीत असलेल्या व्यक्तीला वकिली करता येत नाही. त्यामुळे या काळात स्वतःचे अशील आणि न्यायालयातील ओळख निर्माण होत नाही. सेवाविषयक कायदा, फौजदारी प्रक्रिया आणि प्रशासन यांचा सखोल अनुभव मात्र गाठीशी असतो. न्यायाधिकरणाच्या स्थापनेनंतर या ज्ञानाची मागणी वाढली आहे.

लष्कराखेरीज नौदलाचीही विधी शाखा आहे. तेथे ५५ टक्के गुणांसह एलएलबी झालेल्यांना शॉर्ट सर्व्हिस कमिशनद्वारे प्रवेश मिळतो आणि प्रशिक्षण केरळमधील एझिमला येथील नौदल अकादमीत होते. नौदलाचा कारभार नौदल कायदा, १९५७ नुसार चालतो. तटरक्षक दलातही सहायक कमांडंट पदासाठी विधी पदवीधरांची भरती होते. तिन्ही दलांच्या संयुक्त संस्थांतील शिस्तीविषयीचा २०२३ चा कायदा १० मे २०२४ पासून अमलात आला आहे. एका दलाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दलातील जवानांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याचे अधिकार त्यामुळे मिळाले असून, लष्करी वकिलांना आता अन्य दलांचे कायदेही जाणून घ्यावे लागतील.

उमेदवाराने ठरवायचे ते

या मार्गावर येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी क्रम स्पष्ट आहे. पदवीत ५५ टक्क्यांचे लक्ष्य, अंतिम वर्षात क्लॅट पीजीचा अर्ज, अधिसूचनेवर नियमित लक्ष, शारीरिक तयारी आणि निवड मंडळाच्या चाचण्यांचा सराव. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक वेळची अधिसूचना मुळातून वाचणे आवश्यक आहे, कारण जागा आणि तारखा दर वेळी बदलतात.

तयारीचा दुसरा भाग कोणत्याही अधिसूचनेत नसतो. न्यायालयातील वकील आपल्या अशिलासाठी बोलतो आणि त्याचे म्हणणे मानायचे की नाही, हे स्वतंत्र न्यायाधीश ठरवतो. लष्करी वकिलाचा सल्ला ऐकणारा बहुधा त्याच्याहून वरिष्ठ अधिकारी असतो आणि तो सल्ला नाकारण्याचा अधिकारही त्याला असतो. अशा वेळी शिस्त पाळूनही कायद्याचे मत निर्भीडपणे फाइलवर नोंदवणे हेच या पदाचे प्रयोजन आहे. पुढे प्रकरण रामकृष्णपुरमच्या न्यायाधिकरणात किंवा सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, तर ती नोंद वाचली जाऊ शकते. प्रकरण तेथवर पोहोचलेच नाही, तर तिच्यामुळे एखाद्या जवानावरचा अन्याय मुळातच टळलेला असू शकतो.